पेतिएसेचा करिना

इ.स.पू. ५१३. इजिप्त इराणचा सम्राट पहिला दारियस याच्या ताब्यात होता. नाईलच्या पूर्व काठावरचं तेउजोई हे गाव कशानं उद्ध्वस्त झालं, असं अहमोसे नावाच्या अधिकाऱ्यानं विचारलं तेव्हा लोकांनी पेतिएसे नावाच्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. तो बोलेना, कारण बोललो तर इथल्या देवळाचे पुजारी मला जिवंत सोडणार नाहीत, अशी त्याला धास्ती होती. त्याला उन्हात ठेवलं, तेव्हा तो लिहून द्यायला तयार झाला.

त्यानं लिहून दिलेला, इजिप्तच्या डेमॉटिक लिपीतला, पंचवीस स्तंभांचा हा पपायरस आज मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे. इजिप्तचे अभ्यासक ग्रिफिथ यांनी तो १९०९ साली प्रसिद्ध केला. आपले वतनदार गोतसभेपुढे मांडत तसा हा करिनाच आहे: हक्क मूळ कोणाचा, कसा मिळाला, कोणी बळकावला.

पेतिएसेच्या खापरपणजोबाचं नावही पेतिएसेच. राजा पहिला प्सामेटिक याच्या काळात त्यानं तेउजोईतल्या आमोन देवाच्या देवळाची घडी पुन्हा बसवली आणि देवळाच्या उत्पन्नात वाटा मिळवला. तो वाटा पुजाऱ्यांना खुपत राहिला. इ.स.पू. ६३४च्या सुमारास धान्याच्या वाटपावरून त्यांनी त्याचे दोन नातू देवळातच ठार मारले. पुढे राजा दुसरा प्सामेटिक याच्या स्वारीत तक्रारदार पेतिएसेचे आजोबा देवाचा पुष्पगुच्छ घेऊन सीरियाकडे गेले. देवाचं काम समजून गेलेल्या माणसाचा वाटा पुजाऱ्यांनी त्याच्या पाठीमागे दुसऱ्याला देऊन टाकावा, ही मला या कागदातली सर्वांत नीच गोष्ट वाटते.

घराण्याच्या हक्काच्या पुराव्याचं काय झालं, तेही त्यात आहे. पुजाऱ्यांनी पाथरवट आणून घराण्याचा शिलालेख घासून टाकला. दुसरा लेख एलिफंटाइनच्या कठीण दगडाचा होता. तो आपल्याला जमणार नाही, ग्रॅनाइटचा कारागीर लागेल, असं पाथरवटानं सांगितलं, म्हणून तो राहिला. घराण्याचे पुतळे मात्र नदीत गेले.

हा कागद म्हणजे एकाच पक्षाचं म्हणणं. तरी त्याचा बारकावा मला खरा वाटतो. पेतिएसेनं नुसती तक्रार लिहिली नाही. शेवटी त्यानं शिलालेखांच्या मजकुराच्या नकलाही जोडल्या. निकाल काय लागला, ते पपायरसमध्ये नाही.