निकेलची अतिवाहकता : कुलाबा ते स्टॅनफर्ड

भिवंडीत यंत्रमागाची मोटार तासभर चालली की तिचे कवच हाताला गरम लागते. त्या उष्णतेचा बराच भाग तांब्याच्या तारेच्या विद्युतरोधातून येतो. काही पदार्थ पुरेसे थंड केले, तर त्यांचा रोध अगदी शून्य होतो. १९११ साली कामरलिंग ओन्स यांना पाऱ्यात हे प्रथम आढळले. हीच अतिवाहकता.

निकेलकडून अशी अपेक्षा फारशी कोणी करीत नसे. निकेल चुंबकाला चिकटते. अतिवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि जोडीतील दोघांची फिरकी सहसा परस्परविरुद्ध असते. चुंबकत्व दोघांना एकाच दिशेला वळवू पाहते. मग जोडी टिकणार कशी?

भिवंडीहून फार दूर नसलेल्या कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९९०नंतरच्या वर्षांत आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, चंदन मजुमदार आणि त्यांचे सहकारी निकेल व बोरॉनच्या संयुगांचे चुंबकीय गुणधर्म तपासत होते. पवईच्या आयआयटीचे बी. डी. पडालियाही या कामात होते. यिट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या एका नमुन्याचा रोध १२ केल्विनच्या (उणे २६१ अंश सेल्सिअस) आसपास एकदम उतरला. चुंबकीय मोजणीत मात्र खूण क्षीण होती, म्हणजे नमुन्याचा थोडासाच अंश अतिवाहक होता. 'कसली तरी भेसळ' म्हणून असा नमुना बाजूला टाकणे सोपे होते. या मंडळींनी त्या भेसळीचाच माग काढला. संशय कार्बनवर गेला. मुद्दाम थोडा कार्बन मिसळला आणि खूण ठसठशीत झाली!

त्यांचा निबंध जानेवारी १९९४मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आला. त्याच महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या कावा यांच्या गटाने याच कुळातील आणखी पदार्थ जाहीर केले. पॅलेडियमचा तर २३ केल्विनला अतिवाहक होता. स्फटिकरचनाही त्यांनीच उलगडली. म्हणून पुष्कळदा बेलचेच नाव आधी घेतले जाते. आमच्या मते पहिली वाट कुलाब्याने दाखवली, हे वर्गात स्पष्ट सांगावे.

निकेल ऑक्साईडची कथा वेगळी आहे. तिला कुलाब्याची संतती म्हणता येणार नाही. तिची प्रेरणा १९८६च्या तांब्याच्या ऑक्साईडांतून आली. आवर्तसारणीत निकेल तांब्याचा शेजारी. एक इलेक्ट्रॉन गमावलेले निकेल आणि दोन गमावलेले तांबे यांच्या बाह्य कवचांत सारखेच नऊ इलेक्ट्रॉन उरतात. तरीही यश यायला २०१९ उजाडले. स्टॅनफर्डच्या हॅरॉल्ड ह्वांग यांच्या गटाने निओडिमियम-स्ट्रॉन्शियम-निकेल ऑक्साईडचा सुमारे १० नॅनोमीटरचा थर दुसऱ्या स्फटिकावर चढवला आणि कॅल्शियम हायड्राईडबरोबर तापवून त्यातील ऑक्सिजनचे ठरावीक अणू काढून घेतले. भिंत न पाडता मधल्या विटा काढाव्यात तसे! तो थर ९ ते १५ केल्विनच्या दरम्यान अतिवाहक झाला.

२०२३मध्ये लँथॅनमचे निकेल ऑक्साईड ८० केल्विनच्या आसपास अतिवाहक होते असे दिसले, पण वातावरणाच्या लाखपट दाबाखाली. पुढच्याच वर्षी त्याचा पातळ थर नेहमीच्या दाबालाही ४० केल्विनच्या वर अतिवाहक होऊ लागला. खालच्या स्फटिकातील अणू किंचित जवळजवळ असतात, त्यामुळे वरचा थर आडवा आक्रसतो आणि यंत्राने द्यायच्या दाबाचे काही काम तोच करतो.