हवेच्या बंदुकीचा हिशेब

बंदुकीचा इतिहास म्हटला की दारूचा वास आणि राजेरजवाड्यांची नावे पुढे येतात. आज मी हवेच्या बंदुकीविषयी बोलणार आहे. हिच्यातला जोर रसायनातून येत नाही. तो कुणाच्या तरी दंडातून येतो. म्हणून त्या जोराचे पुढे काय होते, हे विचारणे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना शोभते.

गोळीचा वेग मोजण्याची खात्रीची रीत बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ साली आपल्या ग्रंथात मांडली. हा इंग्लंडातील बाथ गावच्या एका गरीब शिंप्याचा मुलगा. त्याने लाकडी ठोकळ्याचा लंबक टांगला. गोळी त्यात रुतली की ठोकळा मागे झुलतो. झोक मोजावा, दोन्ही वजने घ्यावीत, की वेग निघतो. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता होऊन हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेस सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

त्यानंतर, १७८० च्या सुमारास, जिरांदोनी नावाच्या कारागिराची हवाई बंदूक ऑस्ट्रियाच्या सैन्यात आली. दस्त्याच्या जागी हवेची टाकी, वीसेक गोळ्या एकामागून एक सुटत, धूर नाही. पण ती टाकी भरण्यासाठी पंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत आणि त्यावर जेमतेम तीस गोळ्या जोराने जात. म्हणजे एका गोळीमागे पन्नास दट्टे! टाक्या नाजूक, दुरुस्ती अवघड. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ती बंदूक सैन्यातून गेली.

तरीही तिची गोळी माणूस मारू शके, ते कशामुळे? नळीच्या रुंदीमुळे. हवेचा दाब गोळीच्या पाठीवरील क्षेत्रफळावर पडतो. नळी सुमारे १२ मिलिमीटरची. आजच्या साध्या छऱ्याच्या बंदुकीची साडेचार. व्यास पावणेतीन पटीच्या आत, पण क्षेत्रफळ सातपट, म्हणून तोच दाब असला तर रेटाही सातपट. अर्थात रुंद नळी हवाही तितकीच जास्त खाते. फुकट काहीच मिळत नाही.

आता छऱ्याचे वजन पाहू. अर्ध्या ग्रॅमचा छरा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला, तर त्याच्यात १० जूल शक्ती असते. म्हणजे एक किलोचे वजन एक मीटर उचलण्याइतके काम. एक ग्रॅमचा छरा केवळ १४१ मीटर वेगाने सुटला तरी शक्ती तितकीच! हलका छरा वेग दाखवतो. पण तशाच घडणीचा जड छरा वाटेत हवेच्या विरोधाने कमी मंदावतो. स्प्रिंगच्या बंदुकीत मात्र फार हलका वा फार जड छरा घातला, तर स्प्रिंग दाबण्यात घातलेले काम नीट पदरात पडत नाही. तिथे मधले वजनच शोधावे लागते.

एवढ्यासाठीच आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांत नुसत्या वेगावर भिस्त ठेवलेली नाही. साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा २० जूलपेक्षा अधिक शक्ती असली, की परवाना लागतो. कायद्याला ठाऊक आहे की इजा केवळ वेगाने होत नाही.

गिऱ्हाइकाला मात्र डब्यावर वेगाचा मोठा आकडा दाखवतात. तो पुष्कळदा हलक्यात हलका छरा घालून काढलेला असतो. मजुरीचा आकडा ऐकला की आपण विचारतो, ‘किती तासांच्या कामाचा?’ तसेच वेगाचा आकडा ऐकताच विचारावे, ‘किती वजनाच्या छऱ्याचा?’ जत्रेत फुगे फोडण्यापुरती ही बंदूक हाती आली, तरी तिला खेळणे समजू नये. १० जूल म्हणजे डोळा जाण्यास पुरून उरणारी शक्ती आहे. मुलांच्या हाती ती देण्यापूर्वी हा हिशेब घरातील वडीलधाऱ्यांनी एकदा करावा, इतकेच माझे सांगणे.