स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची वेदना कशी ओळखतात?

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश बळावला की ‘कुठे दुखतंय?’ याचे उत्तर रुग्णाला देता येत नाही. मग अंघोळीला नकार, ओरडणे, हात झटकणे यांना घरचे हट्ट समजतात. पनवेलच्या फ्लॅटमध्ये आजीला सांभाळणाऱ्या कुटुंबालाही समजेल अशी एक मापनपट्टी आहे, ‘पेनॅड’. ती २००३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली.

यात पाच गोष्टी पाहतात: श्वास, कण्हणे-ओरडणे, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत घातल्यावर रुग्ण शांत होतो का. प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १०. रुग्ण स्वस्थ असताना आणि कूस बदलताना किंवा चालताना, दोन्ही वेळी गुण लिहून ठेवावेत.

हा आकडा थर्मामीटरसारखा नेमका नसतो. भीती किंवा भुकेनेही गुण वाढू शकतात. म्हणून डॉक्टर दातदुखी, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, सांधेदुखी अशी कारणे तपासतात.

नॉर्वेतील ३५२ रुग्णांच्या अभ्यासात (२०११) टप्प्याटप्प्याने वेदनेवर उपचार केल्यावर चिडचिड, अस्वस्थता कमी झाली. त्यामुळे झोपेचे औषध मागण्याआधी डॉक्टरांना विचारा: यांना दुखत तर नसेल?