बारामोनाचा मुखवटा : जपानी विहारांतील गिगाकू नाट्य

आशियातील मुखवट्यांविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, त्यात बहुधा त्यांच्या रंगरूपाचे कौतुक असते. मुखवटा कोणी केला, तो कोणी चढवला आणि त्यातून कोणाची थट्टा झाली, हे प्रश्न मागे राहतात. प्रस्तुत लेखात आम्ही हेच प्रश्न जपानमधील ‘गिगाकू’ या लुप्त झालेल्या नाट्यप्रकाराला विचारणार आहोत. या नाट्याचे मुखवटे बौद्ध विहारांच्या आश्रयाने टिकले, आणि त्यांपैकी एका मुखवट्याचे नाव ‘बारामोन’, म्हणजे ब्राह्मण, असे आहे.

आरंभीच एका शंकेचे निरसन करणे अवश्य आहे. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारा उपासक नृत्य, गीत, वाद्य आणि खेळतमाशे पाहण्यापासून विरत राहतो. श्रामणेरालाही हेच शील आहे. संयुत्त निकायातील तालपुट नटाची कथा याच दिशेने जाते. रंगभूमीवर खऱ्याखोट्याच्या मिश्रणाने लोकांना हसवणारा नट मृत्यूनंतर हसऱ्या देवांच्या लोकी जातो, हे परंपरेचे म्हणणे खरे काय, असे तालपुटाने तथागतांना विचारले. तथागतांनी दोन वेळा उत्तर देण्याचे टाळले. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी स्पष्ट सांगितले की, राग, द्वेष व मोह यांनी आधीच बांधलेल्या लोकांच्या मनातील हे विकार जो आणखी वाढवतो, त्याला सुगती मिळत नाही. तालपुटाने पुढे प्रव्रज्या घेतली व तो अर्हत झाला. थेरगाथेत त्याच्या गाथा आहेत.

येथे दोष नाट्यकलेच्या मुळाशी दाखवलेला नाही, तो विकार चेतवण्यात दाखवला आहे, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. सम्राट अशोकाच्या पहिल्या शिलालेखात ‘समाज’ भरवण्यात पुष्कळ दोष सांगितले आहेत. परंतु काही समाज चांगलेही असतात, असेही त्यात नमूद आहे. चौथ्या शिलालेखात तर विमाने, हत्ती, अग्निपुंज व दिव्य रूपे लोकांना दाखवल्याचा उल्लेख येतो. दृश्याच्या द्वारे धम्माकडे वळवण्याचा मार्ग बौद्ध परंपरेला अपरिचित नव्हता. कोणते दृश्य विकार वाढवते आणि कोणते ते उघडे पाडते, हा विवेक मात्र तिने आवश्यक मानला. गिगाकूकडे याच दृष्टीने पाहावयाचे आहे.

‘निहोन शोकी’ या जपानच्या प्राचीन इतिहासग्रंथानुसार इ. स. 612 मध्ये मिमाशी नावाचा एक कलावंत कोरियातील पेकचे राज्यातून जपानला आला. चीनच्या दक्षिणेकडील ‘वू’ प्रदेशातील नृत्यनाट्य आपण शिकलो असल्याचे त्याने सांगितले. त्याला साकुराइ येथे ठेवण्यात आले आणि तरुण मुले जमवून त्यांना ही कला शिकवण्याची व्यवस्था झाली. राजपुत्र शोतोकू याच्या पुढाकाराने जपानमध्ये विहार उभे राहत होते, तो हा काळ. पेकचेच्या मार्गाने सुत्ते, बुद्धमूर्ती, भिक्खू व कारागीर आले होते. त्याच वाटेने मुखवटेही आले.

गिगाकूत संवाद नव्हते. बासरी, कमरेला बांधायचा ढोल व झांजा यांच्या साथीने प्रथम मिरवणूक निघे आणि मग विहाराच्या प्रांगणात मूकनाट्य होई. मुखवटा केवळ चेहऱ्यापुरता नसे. तो नटाचे जवळजवळ संपूर्ण मस्तक झाकून टाकी. कापूर वृक्षाच्या अथवा वजनाने हलक्या अशा किरी वृक्षाच्या लाकडातून तो कोरीत, किंवा कापडाचे थर लाखेने सांधून घडवीत. त्यावर रंग देत आणि काही मुखवट्यांना केसही चिकटवीत. मोकळ्या प्रांगणात दूर बसलेल्या सामान्य माणसालाही पात्र ओळखता यावे, अशी ही ठसठशीत रचना होती.

या नाट्याचा क्रम कोमा नो चिकाझाने या वादकाने 1233 साली लिहिलेल्या ‘क्योकुनशो’ या संगीतग्रंथात आढळतो. प्रथम सिंह येतो. त्यानंतर वू देशाचा राजपुरुष, वज्रधारी द्वारपाल आणि पक्षिमुखी ‘कारुरा’, म्हणजे गरुड, हे येतात. पुढे बारामोन, कोनरोन व मल्ल यांचे प्रवेश होतात. मग एक निराधार वृद्ध पात्र दोन मुलांना घेऊन बुद्धासमोर वंदन करते, आणि अखेरीस मद्यधुंद परदेशी राजा आपल्या लवाजम्यासह येतो. भारत, मध्य आशिया, चीन व आग्नेय आशिया येथील माणसे अशा रीतीने एका विहाराच्या अंगणात उतरत.

यातील बारामोनाच्या प्रवेशाला ‘क्योकुनशो’मध्ये एक वेगळे नाव दिले आहे : ‘मुत्सुकी आराइ’, म्हणजे तान्ह्या मुलाचे लंगोट धुणे. वर्णव्यवस्थेच्या माथ्यावर बसलेला, शुद्धाशुद्धतेचे नियम इतरांवर लादणारा पुरुष येथे सर्वांसमक्ष मळके लंगोट धूत बसतो. ग्रंथकाराने यावर भाष्य केलेले नाही. परंतु जपानी प्रेक्षकाला त्यात वृद्ध विद्वानाची गंमत दिसली असेल, तर ज्यांच्या पूर्वजांवर मळ धुण्याचे काम जन्माने लादले गेले, त्या आपणांस त्यात अधिक काही दिसणे स्वाभाविक आहे. धुणे हे काम कोणालाही हलके करीत नाही. ते काम आपले नव्हे हा अभिमानच हास्यास्पद आहे, असा त्या प्रवेशाचा अर्थ आम्ही घेतो. वसल सुत्तात जन्माने कोणी वृषल होत नाही व जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, असा जो उपदेश आहे, त्याच्याशी हे दृश्य सुसंगत आहे.

आता 752 सालाकडे वळू. त्या वर्षी चौथ्या चांद्र महिन्याच्या नवव्या दिवशी नारा येथील तोदाइजी विहारात वैरोचन बुद्धाच्या महामूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी झाला. मूर्तीचे नेत्र रेखण्याचा मान बोधिसेन या भारतीय भिक्खूला मिळाला. तो 736 मध्ये जपानला आला होता आणि दाइआनजी विहारात राहत होता. तो जन्माने ब्राह्मण असल्याचे परंपरा सांगते, आणि जपानी लोक त्याला ‘बारामोन सोजो’, म्हणजे ब्राह्मण संघनायक, म्हणत. ज्या कुंचल्याने त्याने नेत्र रेखले, त्याला लांब दोरी जोडलेली होती. पुण्यकर्मात आपलाही सहभाग असावा म्हणून उपस्थितांनी ती हाती धरली होती. तो कुंचला व ती दोरी आजही नारा येथील शोसोइन या कोषागारात सुरक्षित आहेत.

शोसोइनमधील अनेक गिगाकू मुखवट्यांवर नेमकी याच दिवसाची तिथी लिहिलेली आहे. म्हणजे एकाच सोहळ्यात दोन बारामोन होते. एकाने जन्माचे नाव मागे टाकून चीवर धारण केले होते आणि त्याच्या हाती बुद्धाचे नेत्र रेखण्याचे काम होते. दुसरा लाकडाचा होता, आणि त्याच्या वाट्याला लंगोट आले होते. महानद्या समुद्राला मिळाल्यावर आपापली नावे टाकतात, हा दृष्टान्त तथागतांनी संघाविषयी दिला आहे. त्या दिवशी ब्राह्मण्य सोडलेल्या माणसाचा सन्मान झाला आणि ब्राह्मण्याच्या मुखवट्याला लोक हसले, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि येथे थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बारामोनानंतर येणारा कोनरोन हा आग्नेय आशियातील काळ्या वर्णाच्या लोकांचा प्रतिनिधी आहे. त्याचा मुखवटा मुद्दाम उग्र घडवलेला असतो. तो एका सुंदर स्त्रीच्या मागे लागतो आणि मल्ल त्याला जेरबंद करतो. कामविकाराचे दमन दाखवणे हा हेतू असेलही. परंतु विकाराला चेहरा देताना तो काळ्या परदेशी माणसाचाच का दिला गेला? बारामोनाच्या प्रवेशात थट्टा अभिमानाची झाली. कोनरोनाच्या प्रवेशात मात्र ती वर्णाची व वंशाचीही झाली. विहाराच्या अंगणात होणारे सर्व काही धम्मानुसार असतेच असे नाही. जो न्याय आपण बारामोनाच्या मुखवट्याला लावतो, तोच कोनरोनाच्या मुखवट्याला लावला पाहिजे, अन्यथा आपले हसणेही पक्षपाती ठरेल.

कलावंतांच्या बाबतीतही असेच दोन पदर दिसतात. शोसोइनमधील मुखवट्यांवर ते घडवणाऱ्यांची नावे आढळतात. शोरी उओनारी, किएइशी व एन्किन्शी ही त्यांपैकी काही. बाराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या कारागिरांची नावे त्यांच्या कृतीवर टिकून राहावीत, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडील लेण्यांत दात्यांची नावे पुष्कळ वाचावयास मिळतात, छिन्नी चालवणाऱ्याचे नाव क्वचितच. परंतु मुखवटे घालून नाचणाऱ्यांची स्थिती वेगळी होती. आठव्या शतकातील राजकीय कायद्यानुसार गिगाकूचे विद्यार्थी या कामासाठी नेमलेल्या ठराविक कुटुंबांतूनच घेतले जात. जन्माने काम ठरवण्याची रीत तेथेही होती.

पुढे राजदरबारी ‘बुगाकू’ या नृत्यप्रकाराला महत्त्व आले आणि गिगाकू मागे पडले. ‘क्योकुनशो’ लिहिला गेला, तेव्हाच ही परंपरा क्षीण झाली होती, आणि काही शतकांनी तिचे प्रयोग थांबले. मुखवटे तेवढे राहिले. शोसोइनमध्ये 171 मुखवटे आहेत. होर्यूजी विहाराने 1878 मध्ये आपल्या ठेव्यातील अनेक वस्तू राजघराण्याला अर्पण केल्या. त्यांतील 31 मुखवटे आता तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. 1980 मध्ये तोदाइजीच्या महाबुद्ध मंदिराची मोठी दुरुस्ती पूर्ण झाली, त्या निमित्ताने गिगाकूचे पुनर्रचित प्रयोग झाले, आणि तेन्री विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ती कला पुढे चालवली. आता ते मुखवटे चढवण्यासाठी विशिष्ट कुटुंबात जन्मावे लागत नाही.

भारतात धम्माचा ऱ्हास झाला आणि त्याच्या विहारांत कोणत्या उत्सवांत कोण हसले, कोणावर हसले, याची स्मृती बहुतांशी पुसली गेली. अशा वेळी आपल्या देशातील वर्णाभिमानाचा एक चेहरा सातासमुद्रापलीकडील विहाराने लाकडात कोरून जपून ठेवला, ही बाब बौद्ध इतिहासाच्या अभ्यासकांनी दुर्लक्षू नये. जपानी, चिनी व कोरियन साधनांचा अभ्यास आपल्या संस्थांतून अद्याप फारच थोडा होतो. तरुण अभ्यासकांनी पाली व संस्कृत यांच्या जोडीला या भाषांपैकी एखादी तरी आत्मसात करावी, अशी आमची त्यांना सूचना आहे.