राजा पैसा देतो, गिऱ्हाईक नाही

गेल्या शनिवारी कोयनानगरला गेलो होतो. धरण बघून चहा पिताना मित्र म्हणाला, "फंडिंग मिळू दे रे, इन्व्हेस्टरच्या ओळखीने कस्टमर येतीलच." खतांच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतोय. नोकरी सोडलीये, दोन मुलं आहेत. हसण्यावारी नेता येईना.

म्हटलं, ही कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिथून रेल्वेने मिरजेकडे निघालं की किर्लोस्करवाडी लागते. तिची गोष्ट ऐक.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला तो 1903च्या सुमारास. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत! जवळपास दोन वर्षं नांगर खपेनात. शेवटी शेतकऱ्यांना पटवलं ते लक्ष्मणरावांनीच. पुढे बेळगावची जागा गेली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळरान दिलं, कर्जही दिलं. 1910 साली तिथे कारखाना सुरू झाला.

आता बघा, साक्षात राजा पाठीशी. पण औंध संस्थान जेमतेम 72 गावांचं. हुकूम काढला असता तरी कितीसे नांगर खपले असते? राजाने जागा दिली, पैसा दिला. नांगर विकत घेणारा शेतकरी मात्र त्याच्या कितीतरी आधी मिळवलेला होता.

मित्र गप्प. परतताना पाटणला गाडी थांबवून एका खताच्या दुकानात शिरला. दुकानदार "नको" म्हणाला. का नको, ते मात्र याने वहीत उतरवून आणलं.

असो. सुरुवात तर झाली.