पंच कुठून आला?

छावणीतल्या मित्राच्या गच्चीवर आम्ही पाचजण दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. यात पट लागतोच असं नाही आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. एकजण पंच होतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करेल ते बोलतात. जमेल की नाही अशी शंका आली, की वीस बाजूंचा फासा टाकायचा. "अमेरिकेतलं खूळ," असं मित्राचे बाबा म्हणाले आणि मी याचा इतिहास वाचायला बसलो.

फाशांसाठी तर अमेरिकेला जायची गरजच नाही. छावणीवरून वेरूळला गेलात, तर एकविसाव्या लेण्यात शिव-पार्वती फासे खेळताना दिसतील. पटावरची फौजही इकडचीच. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ असं आपलं चतुरंग इराण आणि अरबांच्या मुलुखातून युरोपात पोचलं आणि त्याचं चेस झालं. १७८० मध्ये जर्मनीत हेलविग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने चेसचा पट सोळाशेहून जास्त घरांचा केला आणि त्यावर लढाई मांडली.

तरीही सोंगट्या ठरलेल्या चालीच चालत होत्या. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातला लेफ्टनंट राइसवित्झ याने घरं पुसून खराखुरा नकाशा अंथरला. दोन्ही बाजूंचे अधिकारी हुकूम कागदावर लिहून पंचाकडे द्यायचे. पंच अंतर मोजायचा, फासे टाकून किती माणसं पडली ते ठरवायचा आणि ज्याला जेवढं दिसेल तेवढंच सांगायचा. पुढे नियमांचं ओझं फार झालं, तेव्हा १८७६ मध्ये व्हर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने सुचवलं, की अनुभवी पंचालाच ठरवू द्या. माझ्या मते खरा शोध हा आहे. मी लिहिलेला प्रोग्रॅम न ठरवलेलं इनपुट आलं की एरर देतो. पंच मात्र विचार करतो आणि म्हणतो, "बरं, टाक फासा."

१८७०-७१ मध्ये प्रशियाने फ्रान्सला हरवलं आणि बाकीच्या फौजा या खेळाकडे बघू लागल्या. कॅप्टन एव्हलिन बेअरिंगने तयार केलेले इंग्रजी नियम १८७२ मध्ये निघाले. त्याच वर्षी तो व्हाइसरॉय नॉर्थब्रुकचा खासगी सचिव म्हणून हिंदुस्थानात आला. आमची छावणी निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटची. हा खेळ अशा छावण्यांतल्या साहेबांसाठीच होता, शिपायाला त्यात नाव नव्हतं. तो नकाशावरच्या ठोकळ्यात मोजला जायचा.

नाव मिळालं ते १९६९ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटात. डेव्हिड वेझलीने ब्राउनस्टाइन या काल्पनिक गावाची लढाई मांडली आणि काही खेळाडूंना फौजेऐवजी एकेक माणूस दिला. कुणी महापौर झाला, कुणी कुलगुरू. सगळे कोपऱ्यात जाऊन गुपचूप सौदे करू लागले. खेळ फसला असं वेझलीला वाटलं, पण मित्रांना तोच पुन्हा हवा होता. त्यांतल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना जादूच्या जगात नेली आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला. पहिली आवृत्ती होती हजार प्रतींची.

मग अनेक देशांनी असा खेळ आपल्या भाषेत मांडला. स्वीडनमध्ये १९८२ मध्ये 'द्राकार ओक डेमोनर' आला, जर्मनीत १९८४ मध्ये 'दास श्वार्झं आउगं'. जपानमध्ये १९८६ पासून एका मासिकात खेळताना झालेलं बोलणंच छापून येऊ लागलं आणि त्यातून 'लोडॉस'च्या कादंबऱ्या निघाल्या. ब्राझीलने १९९९ मध्ये पोर्तुगीजमध्ये 'तोर्मेंता' रचला.

आमची पुस्तकं इंग्रजी, त्यामुळे पंचही इंग्रजीतच बोलायचा. आमच्यातला एकजण महिनोन्महिने फक्त फासे टाकत होता. गेल्या महिन्यात पंचाची पाळी माझी होती. मी पुस्तक मिटलं आणि मराठीत सांगायला लागलो: दौलताबादचा किल्ला, रात्र, अंधारीच्या तोंडाशी एक पहारेकरी. पहिल्यांदाच तो आपणहून बोलला, "मी त्याला विचारतो, मामा, पान खाणार का?"

पान देऊन पहारेकरी फोडायचा नियम कुठल्याच पुस्तकात नाही. मी थोडा विचार केला आणि फासा त्याच्यापुढे सरकवला.