होळीच्या गाठ्या : साखरेचा पाक ते गळ्यातील हार

भंडारा : फाल्गुन लागला, की पूर्व विदर्भातील जंगलात पळस फुलतो आणि बाजारपेठांत साखरेच्या गाठ्यांचे हार लटकू लागतात. मँगनीजच्या खाणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिखल्यासह तुमसर तालुक्याचा हा परिसरही त्याला अपवाद नाही. पश्चिम महाराष्ट्रात गाठीचा मान गुढीपाडव्याचा; विदर्भात मात्र तो पंधरा दिवस आधी, होळीपासूनच सुरू होतो. लहान मुलांच्या गळ्यात गाठी घालणे हा येथील सणाचा अविभाज्य भाग आहे. बाळाच्या पहिल्या होळीला तर ती आवर्जून दिली जाते.

पाकाची परीक्षा

गाठीला साखर, पाणी आणि थोडे दूध एवढेच साहित्य लागते. कस लागतो तो पाकाचा. अडीच वाट्या साखरेला साधारण एक वाटी पाणी घालून ती उकळतात. उकळीत चमचाभर दूध टाकले, की दुधातील प्रथिने साकळतात आणि मळी घेऊन वर येतात. ती काढून टाकल्यावर पाक स्वच्छ होतो.

पाणी आटते तसे पाकाचे तापमान चढत जाते. ते सुमारे ११५ ते १२० अंश सेल्सिअसवर पोहोचले, की थेंब गार पाण्यात टाकल्यास त्याची गोळी वळते. हाच गोळीबंद पाक. त्यानंतर तो कढईच्या कडेला घोटतात. घोटण्यामुळे साखरेचे बारीक स्फटिक तयार होतात आणि पाक पांढुरका दिसू लागतो. घोटणे कमी झाले तर गाठी चिकट राहते. जास्त झाले तर पाक कढईतच बसतो. लिंबाचा रस येथे टाळावा, कारण आम्लामुळे साखरेचे विघटन होते आणि ती नीट घट्ट होत नाही.

साचा आणि दोरा

चांदणी, फूल, पदक अशा आकारांचे लाकडी साचे आधी पाण्यात भिजवतात, म्हणजे पाक चिकटत नाही. खाचांतून सुती दोरा ताणून त्यावर गरम पाक ओततात. काही मिनिटांतच तो घट्ट होतो आणि दोऱ्यासह अख्खा हार बाहेर निघतो. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर भट्टीजवळ करावे लागणारे हे काम कष्टाचे असून, पाक थांबत नसल्याने कारागिरालाही थांबता येत नाही.

शुभ्रतेचा मोह

गाठी लहान मुले खातात, म्हणूनच रंगाकडे लक्ष द्यायला हवे. पाक शुभ्र दिसावा म्हणून काही ठिकाणी ‘हायड्रो’ अर्थात सोडिअम हायड्रोसल्फाइट वापरले जाते. नुसत्या साखर-दुधाची गाठी किंचित पिवळसर दिसते. तो दोष नव्हे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अंतर्गतच्या नियमांनुसार मिठाईत केवळ परवानगी असलेले कृत्रिम रंगच वापरता येतात आणि त्यांचे प्रमाण दहा लाख भागांत १०० भागांपेक्षा अधिक असू नये. भडक गुलाबी रंगासाठी वापरले जाणारे ऱ्होडामाइन-बी खाद्यपदार्थांत पूर्णतः निषिद्ध आहे.

घरी करताना पिवळ्या रंगासाठी चिमूटभर हळद वा केशर, तर गुलाबीसाठी बिटाच्या रसाचे दोन थेंब पुरतात. तयार गाठ्या कोरड्या डब्यात ठेवाव्यात. ओल लागली, की त्या पाझरू लागतात. नीट ठेवलेल्या गाठ्या पाडव्याच्या गुढीलाही उपयोगी पडतात.